जोत्याला एक पावसाळा

कणकवलीहून आचऱ्याच्या रस्त्याला लागा, नाही तर आत कुठल्याही वाडीत शिरा, आणि नव्या घरांकडे जरा मान वर करून बघत चला. खाली आरसीसीचं घर, वर सपाट स्लॅब, आणि त्या स्लॅबवर लोखंडी पाइपांच्या सांगाड्यावर निळा नाही तर लाल पत्रा. म्हणजे कौलं नकोत म्हणून स्लॅब, आणि स्लॅब गळतो म्हणून त्यावर पुन्हा उतरतं छप्पर. एका घराला दोन छपरं, आणि खर्चही दोन्हींचा. आमच्याकडे याला कोणी हसत नाही, कारण एकाआड एक घराचं असंच झालं आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो अशा मुलुखात सपाट छप्पर घालायचं आजोबांच्या मनातसुद्धा आलं नसतं. अर्थात आलं असतं तरी त्यांना सिमेंट कोण देणार होतं?

मी दोन घरं पायापासून वरपर्यंत उभी राहताना जवळून पाहिली. पहिलं अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, सत्तरच्या दशकातलं. दुसरं पुतण्याचं, करोनानंतरचं, त्याच परड्यात, जुन्या घरापासून हाकेच्या अंतरावर. मधल्या पन्नास वर्षांत सगळंच बदललं असं लोक म्हणतात. माती-चुना गेला, सिमेंट आलं, सुताराचा रंधा गेला, यंत्र आलं. ते खरं आहे, पण सामान बदललं ही मला त्यातली लहान गोष्ट वाटते. अप्पांकडे पैसा नव्हता, त्यामुळे त्यांच्या घराला वेळ मिळाला. पुतण्याकडे बँकेचा पैसा होता, त्यामुळे वेळ नव्हता. नव्या घरांच्या बहुतेक कटकटी या अदलाबदलीतून निघतात.

अप्पा प्राथमिक शाळेत मास्तर. घरासाठी कर्ज काढायचं म्हणजे प्रॉव्हिडंट फंडातून उचल नाही तर सोसायटी. निव्वळ घरकर्ज देण्यासाठी निघालेली एचडीएफसी १९७७ सालची, आणि ती निघाली तरी खेड्यातल्या मास्तरापर्यंत पोचायला तिला बराच काळ लागला. त्यामुळे पगारातून जसं उरेल तसं घर वर यायचं. एका वर्षी विहीर, पुढच्या वर्षी जोतं, मग भिंती, मग छप्पर. छप्पर झाल्याबरोबर आम्ही राहायला गेलो, तेव्हा आतल्या भिंती अर्ध्याच होत्या आणि जमीन सारवणाची होती. कोबा पुढे बऱ्याच वर्षांनी झाला. वीज त्याच्याही नंतर.

विहीर आधी, हा तेव्हाचा शिरस्ता. जांभ्याच्या सड्याखाली पाणी लागेल की नाही याचा भरवसा नसतो, आणि पाणी नाही तिथे घर कशाला? शिवाय बांधकामाला पाणी लागतंच. आज आधी घर होतं आणि मग बोअर मारतात. बोअर फेल गेली की एप्रिल-मेमध्ये, नेमक्या स्लॅबच्या दिवसांत, टँकर. टँकरचं पाणी विकतचं, म्हणून ते स्लॅबवर हात राखून मारलं जातं. सिमेंटवर हजारो रुपये घालणारा माणूस पाण्याला काटकसर करतो, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की आता कोणी घर बांधायचा सल्ला विचारायला आला की मी पहिला प्रश्न पाण्याचाच करतो.

विहिरीचं झालं की जागा. आमचे गवंडी मालवणचे, वयस्क, कानात बाळी. त्यांनी नकाशा काढायचं नावच घेतलं नाही. "मास्तरांनू, आधी पाणी खंय जातां तां बघा. घर मगे," एवढं बोलून ते गेले ते मृगाचा पाऊस चांगला लागल्यावर आले. मग अप्पा आणि ते, दोघं डोक्यावर इरली घेऊन परड्यात फिरले. वरच्या सड्यावरून येणारं पाणी कुठून आत शिरतं, कुठे साठतं, कुठल्या कोपऱ्यातून खाली व्हाळाकडे उतरतं, तिथे तिथे त्यांनी खुंट्या मारल्या. तास-दोन तास नुसतं पाणी बघत उभे होते. गवंडी मधूनच टाच मातीत दाबून बघायचे, किती रुतते ते. जिथे माती पायाखाली लोण्यासारखी वाटली ती जागा सोडून घर आठ-दहा हात वर सरकलं. रस्ता खालून होता, घर रस्त्याजवळ हवं असं आईला वाटत होतं. पण ते झालं नाही, आणि पुढे पन्नास पावसाळ्यांत ओटीवर एकदाही पाणी आलं नाही.

पुतण्याच्या वेळी हे काम ड्रोनने झालं. आर्किटेक्टकडे जागेचा रंगीत नकाशा आला, त्यात चढ-उताराच्या रेषाही होत्या. वाईट काहीच नाही. फक्त तो नकाशा फेब्रुवारीतला होता.

आता जोत्याची गोष्ट. चारी बाजूंनी चिऱ्यांचं जोतं उभं राहिलं की आत भरणी करायची: मुरूम, खाणीतला चुरा, चिऱ्यांचे तुकडे. ती थराथराने टाकायची, पाणी मारायचं आणि चोपायची. एवढं झालं की अप्पांना वाटलं आता भिंती सुरू होणार. पैसेही थोडे हातात होते. गवंडी म्हणाले, "जोत्याक एक पावस खांव देवा. घर खंय पळान जातां?" त्या वर्षी जोतं तसंच उघडं राहिलं. आम्ही पोरं त्यावर बुळबुळीत शेवाळावरून घसरायचो. दिवाळीनंतर बघितलं तर भरणी मधोमध चांगली वीतभर बसली होती. ती पुन्हा भरली, पुन्हा चोपली, तेव्हा कुठे भिंतीची दोरी लागली.

यात जादू काही नाही. सैल मातीत हवा असते, पाणी मुरलं की कण जवळ येतात आणि माती खाली जाते. ती कधी तरी जाणारच. प्रश्न एवढाच की तुमची फरशी बसण्याआधी जाणार की नंतर. आज जेसीबी पाया खोदतो आणि तीच खोदलेली माती, मुळं-कचऱ्यासकट, जोत्यात ढकलतो. वर दोन इंच मुरूम पसरला की दिसायला छान. त्यावर सोलिंग, पीसीसी, आणि सहा-आठ महिन्यांत चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल. पहिल्या पावसाळ्यानंतर हॉलमध्ये चालताना काही टाइल्स पोकळ वाजायला लागतात, कडेला भिंत आणि फरशीच्या मध्ये करंगळी जाईल एवढी भेग दिसते. मग मालक टाइलवाल्याला शिव्या देतो. टाइलवाला बिचारा निर्दोष असतो. ज्याला पावसाळाभर थांबणं शक्य नाही त्याने निदान भरणी सहा-नऊ इंचांच्या थरांनी करून घ्यावी, प्रत्येक थराला पाणी आणि धुम्मस मिळते की नाही हे स्वतः बघावं. त्यात बचत करणाऱ्याच्या खिशात शेवटी फार काही उरत नाही.

चिऱ्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तो आमचा आहे. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हत्याराने सहज घडवता येतो, आणि वारा-ऊन लागलं की कडक होत जातो. म्हणून जुने लोक खाणीतून चिरा आणून परड्यात रचून ठेवायचे आणि काही महिन्यांनी वापरायचे. तेव्हा टिकावाने चर मारून हाताने चिरा काढत. आता खाणीत यंत्राची गोल पाती फिरते, चिरा कडांना साबणाच्या वडीसारखा सरळ निघतो आणि संध्याकाळी ट्रकमधून तुमच्या दारात पडतो. मापाला चोख, याबद्दल तक्रार नाही. पण यंत्र खोल जातं, आणि सड्याच्या वरच्या कडक थराखालचा चिरा मऊ, पांढऱ्या-पिवळ्या मातीच्या डागांचा असतो. आमचे गवंडी प्रत्येक चिरा डाव्या हाताने उचलून थापीच्या दांड्याने टकटक करायचे. खणखणीत वाजला तर उजवीकडे, भिंतीत. बदबद वाजला तर डावीकडे, जोत्याच्या भरणीत. अप्पा शाळेतून आले की डाव्या ढिगाकडे बघून कळवळायचे, कारण त्याचेही पैसे दिलेले असायचे. आज ट्रक रिकामा होत असताना कोणी तिथे उभं नसतं. ही अर्ध्या तासाची गोष्ट आहे, आणि तिला इंजिनिअर लागत नाही.

भिंती मातीच्या गाऱ्यात रचल्या आणि फक्त बाहेरून दर्जा सिमेंटने भरल्या. सगळं सिमेंटमध्ये करायचं असा अप्पांचाही विचार होता, पण सिमेंट मिळायचं कुठे? तेव्हा सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं. तहसील कचेरीत अर्ज, मग परवाना, मग दुकानात कधी तरी माल. मिळतील ती चार पोती, तीही कधी दमट हवेने गोटे झालेली. काळ्या बाजारात हवं तेवढं. सिमेंटच्या वाटपावरून १९८२ च्या जानेवारीत राज्याच्या मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला, यावरून त्या पोत्याचं वजन नव्या पिढीला समजावं. त्याच वर्षी नियंत्रण अंशतः उठलं आणि १९८९ मध्ये पूर्ण. आज दुकानदाराला फोन केला की तासाभरात टेम्पो येतो. तोही जुना माल देऊ शकतो. पोत्यावर आठवडा आणि साल छापलेलं असतं, ते वाचायचं. तीन महिन्यांहून जुनं सिमेंट दमट हवेत बरीच ताकद घालवून बसलेलं असतं.

मातीत रचलेली भिंत कोकणच्या पावसात टिकली कशी, असं पुतण्याच्या आर्किटेक्टने मला विचारलं. उत्तर वर बघितलं की मिळतं. छप्पर भिंतीच्या बाहेर दोन-अडीच हात आलेलं, चारी बाजूंनी पडवी, पागोळ्या भिंतीपासून लांब पडणाऱ्या. पावसाळ्याआधी पश्चिमेच्या बाजूला झावळ्यांची झडप बांधायची. भिंत भिजतच नव्हती. आता रस्त्यावरून दिसणाऱ्या 'एलिव्हेशन'साठी छप्पर भिंतीच्या रेषेतच कापतात, खिडकीवरचा छज्जा इतका आखूड की तो आहे की नाही कळत नाही. मग भिंतीला ओल, ओलीला वॉटरप्रूफ रंग, रंगाला पोपडे. हजारोंचा रंग जे काम करू शकत नाही ते दीड फुटाचा छज्जा फुकटात करतो. घर कसं दिसावं हे ज्याच्या त्याच्या हौसेवर. पण पश्चिमेची भिंत उघडी ठेवणाऱ्याशी मी वाद घालतो.

कौलं मंगळुरी. बाझल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा पहिला कारखाना काढला आणि तिथून ती किनाऱ्याकिनाऱ्याने वर आली. आमच्या आजोबांच्या घरावर नळे होते, अर्ध्या गोल कौलांचे, आणि ते दर वर्षी पावसाळ्यापूर्वी शाकारावे लागत. मंगळुरी कौल एकमेकांत अडकतं, म्हणून शाकारणी सोपी झाली. ही तेव्हाची 'मॉडर्न' वस्तू होती. कौलाखालचे वासे आणि रीप आमच्याच परड्यातल्या ऐन-किंजळीचे, दारं फणसाची. झाडं थंडीत, अमावास्येच्या अंधाऱ्या पंधरवड्यात तोडायची आणि मांडवाखाली वर्षभर सुकवायची. अंधाऱ्या पंधरवड्याचं शास्त्र मला सांगता येणार नाही, पण वर्षभर सुकवण्याचं येतं: ओलं लाकूड सुकताना आकसतं आणि वाकतं. आज फर्निचरवाल्याकडून आलेलं 'सागवानी' दार जुलैत बंद होत नाही, त्याला रंधा मारला की मार्चमध्ये फटीतून शेजारचं घर दिसतं. बाथरूमला मात्र मी लाकडाचा आग्रह कधी धरला नाही. ग्रॅनाइटची चौकट आणि फायबरचं दार ही या काळाची निखळ चांगली देणगी आहे.

चांगल्या देणग्या आणखीही आहेत, आणि स्मरणरंजनाच्या भरात त्या विसरून चालत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाचा धक्का आमच्या आजोबांच्या घराने खाल्ला. आढ्याखालची भिंत फुगली ती शेवटपर्यंत तशीच होती. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत जे झालं ते तर सगळ्यांना माहीत आहे: मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर मातीचं जड माळवद, आणि झोपलेली माणसं. त्या भिंतींत आतला आणि बाहेरचा पदर बांधून धरणारे आरपार दगड नव्हते, दारा-खिडक्यांवरून घरभर फिरणारा पट्टा नव्हता. कॉलम, बीम आणि लिंटेलची साखळी हे जुन्या घरात नव्हतं, आज आहे, आणि ते हवंच. जुनं ते सोनं म्हणणाऱ्याने किल्लारीचे फोटो एकदा बघावेत.

आणि दुसरं, घरातल्या बायकांना विचारावं. सारवलेल्या जमिनीचा गारवा आणि वास यावर लिहिणारे बहुतेक पुरुष असतात. आई दर आठवड्याला शेण कालवून सगळं घर ओणव्याने सारवायची, चुलीच्या धुराने तिचे डोळे बारमाही लाल असायचे, माजघरात दुपारीही दिवा लागायचा, आणि संडास परड्याच्या टोकाला, रात्री पावसात कंदील घेऊन जायचं. पुतण्याच्या घराचा नकाशा आला तेव्हा ती नव्वदीच्या घरात होती. तिने फक्त दोन गोष्टी विचारल्या: मोरी कुठे, आणि तिथे उजेड किती.

आता पुतण्याच्या घराकडे येतो. तो पुण्यात नोकरीला. बँकेने कर्ज टप्प्याटप्प्याने सोडलं: जोतं झालं की एवढं, स्लॅब झाला की तेवढं. टप्पा दाखवल्याशिवाय पैसा नाही, आणि सुटलेल्या पैशावर व्याज लगेच चालू. शिवाय पुण्याच्या फ्लॅटचं भाडं. म्हणजे थांबण्याचा प्रत्येक महिना दोन बाजूंनी टोचणारा. कॉन्ट्रॅक्टरलाही घाई, त्याची सेंट्रिंगची प्लेट पुढच्या साइटवर हवी. बँक, भाडं आणि प्लेट या तिघांच्या घाईत सिमेंटला मात्र आपल्याच वेळेने घट्ट व्हायचं असतं.

पहिला कॉन्ट्रॅक्टर चौरस फुटाचा दर सांगून मोकळा झाला. दर ऐकायला स्वस्त होता. पण चौरस फूट कोणता, हे विचारलं तेव्हा कळलं की छज्जे, जिना, बाहेरच्या पायऱ्या, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, सगळं 'एक्स्ट्रा'. माझ्या पाहण्यात घर बांधणाऱ्या माणसाचं बजेट सिमेंट-सळईने कमी आणि या एका शब्दाने जास्त मोडतं. करारात काय धरलं आहे यापेक्षा काय धरलेलं नाही याची यादी लिहून घ्यावी, आणि झालेल्या कामाच्या पुढे पैसे कधी जाऊ देऊ नयेत. आमच्या अप्पांचा करार तोंडी होता: रोजची मजुरी, सकाळी पेज, दुपारी भात-आमटी आणि शनिवारी हिशेब. वाडीतली माणसं एकमेकांच्या घराला हात लावायची, कोणाचा चिरा कोणी वाहिला याची उधारी मनात असायची. आता सेंट्रिंगला कर्नाटकातले, टाइलला राजस्थानातले, रंगाला बिहार-उत्तर प्रदेशातले कारागीर येतात. कामात ते आमच्यापेक्षा तरबेज आहेत. पण काम झालं की जातात, आणि पुढच्या पावसात गळतं तेव्हा त्यांचा नंबर लागत नाही.

सळई वजनावर येते, म्हणून वजनाचं साधं गणित पाठ हवं: सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, १६२ ने भागा, मीटरला किती किलो ते निघतं. १२ मिलिमीटरची १२ मीटर लांब सळई साधारण १०.६७ किलो भरते. ट्रक आला की दोन-चार सळया काट्यावर टाकून बघायच्या. पुतण्याने हे मोबाइलवर केलं आणि ट्रकवाल्याने त्याच्याकडे जरा आदराने पाहिलं.

काँक्रीटच्या मालात पाणी किती, यावर रोज भांडण. पातळ माल घमेल्यातून पटकन पडतो, मजूर खूश. पण सिमेंटला लागतं त्यापेक्षा जास्त घातलेलं पाणी पुढे वाळून जातं आणि मागे पोकळी सोडतं. एम-२० मालासाठी आयएस ४५६ या भारतीय मानकात ५० किलोच्या पोत्याला जास्तीत जास्त ३० लिटर पाणी धरलं आहे, त्यात ओल्या वाळूतलं पाणीही आलं. साइटवर एक खुणेची बादली ठेवायची, पाइप नव्हे. सळईवर काँक्रीटचं कव्हर हवं: स्लॅबला किमान २० मिलिमीटर, कॉलमला किमान ४०. ते सांभाळायला सिमेंटचे ठोकळे मिळतात. गवंड्याच्या हाताला खडीचा तुकडा येतो, आणि तो सरकतो. समुद्रापासून दहा-पंधरा किलोमीटरात राहणाऱ्याला हे किती महाग पडतं ते आमच्या भागातली ऐंशी-नव्वदच्या दशकांतली पहिली स्लॅबची घरं दाखवतात. खाडीची खारी वाळू न धुता वापरली, कव्हर अर्धा इंचही नाही. मीठ सळईला लागलं, गंज चढला, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा खातो म्हणून काँक्रीट आतून फुटलं, आणि आता छताचे पापुद्रे जेवणाच्या ताटात पडतात. त्याच वाडीत त्याआधीची मातीत रचलेली घरं उभी आहेत. चूक सिमेंटची नव्हती. नवं सामान आलं आणि त्याची रीत सांगणारं माणूस आलं नाही.

क्युअरिंगचं तसंच. आयएस ४५६ साध्या सिमेंटला किमान ७ दिवस ओल ठेवायला सांगतं, फ्लाय अॅश मिसळलेल्या सिमेंटला किमान १०, आणि उष्ण कोरड्या हवेत त्याहून जास्त. आज दुकानात मिळतं ते बहुतेक फ्लाय अॅश मिसळलेलं पीपीसीच. ते सावकाश ताकद धरतं. स्लॅबवर मातीची आळी बांधून पाणी साठवतात ते सगळेच करतात, कारण ते दिसतं. कॉलमकडे कोणी बघत नाही. त्याला गोणपाट गुंडाळून ते ओलं ठेवायचं असतं, आणि घराचा भार तर त्याच्यावर.

पुतण्याने एक गोष्ट मात्र अशी केली की मी चाटच पडलो. जोतं एप्रिलअखेर झालं. कॉन्ट्रॅक्टरला जूनच्या आत भिंती उरकायच्या होत्या. पुतण्या म्हणाला, "काका, चार महिन्यांचं व्याज मी भरतो. थांबू या." कॉन्ट्रॅक्टर रागावला, प्लेटा उचलून गेला, आणि गणपतीनंतर येतो म्हणाला तो दिवाळीनंतर आला. तोपर्यंत नैर्ऋत्येचा कोपरा, जिथे नेमकी जेसीबीची माती पडली होती, चांगला खचला होता. आर्किटेक्टने स्वतः येऊन फोटो काढले. तिथली सगळी भरणी उपसून मुरूम घातला. घर झाल्यावर हे कळलं असतं तर तिथलं देवघर मोडून काढावं लागलं असतं.

छपरावर बरीच चर्चा झाली. कौलं म्हटली की माकडं. अलीकडे ती टोळ्यांनी येतात आणि कौलांवरून उड्या मारतात. शाकारणीला माणूस मिळत नाही. मिळाला तर तोच वाडीतला शेवटचा. पत्रा म्हटला तर वादळ: ३ जून २०२० च्या 'निसर्ग'ने दापोली-मंडणगडकडे आणि २०२१ च्या मेमध्ये 'तौक्ते'ने आमच्या देवगड-मालवणकडे पत्रे पानांसारखे उडवले. शेवटी उतरता स्लॅब आणि त्यावर कौलं, असं ठरलं. उतरता स्लॅब टाकणं कटकटीचं, माल खाली घसरतो, म्हणून घट्ट माल लागतो आणि मजूर कुरकुरतात; एका कॉन्ट्रॅक्टरने सरळ नाही म्हटलं, दुसऱ्याने दर वाढवून घेतला. पण वर पत्र्याची शेड करावी लागली नाही, आणि आता माकडाने कौल फोडलं तरी खाली थेंब येत नाही. प्लास्टरच्या आधी त्याने प्रत्येक भिंतीचे, पाइप आणि वायर दिसताहेत असे फोटो काढून ठेवले, टेप लावून. टाइल्सचे दोन खोके माळ्यावर जास्तीचे ठेवले. हे अप्पांना लागलं नसतं. त्यांच्या भिंतीत काही लपलेलंच नव्हतं.

राहिला तो कुंपणाचा प्रश्न, आणि तो अजून राहिलेलाच आहे. जुना गडगा चिऱ्यांचा, कोरडा रचलेला. वरून आलेलं पाणी त्याच्या फटींतून गाळून जायचं, एखादा चिरा पडला की पोरगंसुद्धा परत लावायचं. आमच्या वरच्या अंगाच्या भाऊबंदाने तो काढून सिमेंटची कंपाऊंड वॉल घातली, पाणी जायला एकही भोक न ठेवता. सड्यावरचं पाणी तिच्यामागे साठलं आणि दुसऱ्या पावसाळ्यात, जुलैच्या एका रात्री, वीसेक फूट भिंत आमच्या परड्यात आडवी झाली. ती आता कोणी उचलायची? तो म्हणतो पाणी तुमच्या बाजूला ओढलं गेलं, पुतण्या म्हणतो भिंत तुझी. हद्द नक्की कुठे हे ठरवायला मोजणीचा अर्ज करायचा, तर सातबाऱ्यावर अजून पणजोबांच्या वेळची सामायिक नावं, निम्मी मुंबईत आणि दोन अमेरिकेत. सह्या गोळा करणं चालू आहे. तंटामुक्ती समितीपुढे एकदा बैठक झाली, चहा झाला. भिंत तिथेच पडून आहे, आणि तिच्यातल्या चांगल्या सळया कोणी तरी कापून नेल्या.